चार नंबरच्या जेटचं झाकण

सुरतेबाहेर पलसाण्याच्या त्या मिलच्या फाटकाशी ललित पोचला तेव्हा वॉचमनची केबिन आडवी पडली होती आणि वॉचमनचा पत्ता नव्हता. आतून, डाइंगच्या शेडमधून, लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते. मधूनच एखादी काच फुटत होती. ललितने मोटरसायकल हायवेच्या कडेला लावली, पाठीवरची लॅपटॉपची बॅग आवळली आणि परत फिरावं का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्याच्या मालकांचा, हसमुखभाईंचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता.

"पोहोंच्यो? जो, पोलीस आवे ए पहेलां बे नंबरना पॅनलमांथी कार्ड काढी लेजे. बीजुं कंई करतो नहीं."

पोलीस यायच्या आत दोन नंबरच्या पॅनलमधून कार्ड काढून घे, दुसरं काही करू नकोस. एवढंच सांगून फोन ठेवला गेला.

सकाळी याच शेडमध्ये दोन नंबरच्या जेटचं झाकण उडालं होतं. जेट म्हणजे कापड रंगवायची लांबलचक बंद टाकी. आत पाणी, रंग आणि पॉलिस्टरचं कापड उकळीच्याही वर तापवतात, दाब धरून. दाब उतरायच्या आत झाकण उघडलं तर आतलं पाणी पाण्यासारखं बाहेर येत नाही, फुटून येतं. दीपक नावाचा पोरगा तेव्हा झाकणाजवळच्या माचीवर उभा राहून चाक फिरवत होता. त्याला सुरतेला नेताना तो बोलत होता म्हणे. कडोदऱ्याच्या पुढे गाडी गेली तेव्हा बोलायचा थांबला.

जेटांची पॅनलं ललितच्या कंपनीची होती. सुरतेत पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या मार्केटमागे तिचं ऑफिस. प्रत्येक पॅनलमध्ये तळहाताएवढं एक कॉम्प्युटरचं कार्ड आणि त्यावर युनिक्स या प्रणालीची एक आटोपशीर आवृत्ती चाले. दाब उतरला की ते पॅनलवर हिरवा दिवा लावून झाकणाची खिट्टी सोडे. जुनी कार्डं मिळेनाशी झाली, दुसऱ्या जातीची नवी आली, तेव्हा जुने बारके प्रोग्राम नव्या कार्डांवर चालते करायचं काम ललित आणि जयश्री या दोघांवर पडलं. फाइली हलवणारा, घड्याळ लावणारा, तारेवरून सेन्सरचा आकडा वाचणारा, असे हे प्रोग्राम. कुणीतरी फार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर त्यांच्या ओळीओळीवर अडून बसे आणि हे दोघं दिवसभर एकेक चूक काढत बसत. ललितला ते काम मनापासून आवडायचं. एक प्रोग्राम मुकाट बिल्ड झाला, चालायला तयार झाला की घरी जाताना त्याला भूक चांगली लागायची.

या कामापायी कोणी मरू शकतं, हे सकाळपर्यंत त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेडच्या दारात तो थबकला. आत दीड-दोनशे माणसं असतील. मिलचे कामगार, आणि सुरतेच्या कोसाड भागातून टेम्पो भरून आलेले दीपकचे नातलग. मॅनेजर आणि ऑफिसची माणसं मागच्या गेटने पळाली होती. आता लोकांना सापडला होता एकच माणूस, आणि तो चार नंबरच्या जेटच्या माचीवर कठड्याला बांधलेला होता. कोऱ्या कापडाच्या ओल्या पट्ट्यांनी त्याचे दोन्ही हात मागे आवळले होते. मान छातीवर पडली होती. एक कान सुजून काळाजांभळा झाला होता आणि नाकातलं रक्त मिशीवरून हनुवटीवर आलं होतं.

ललितने त्याला मिशीवरूनच ओळखलं. ते निंबाआप्पा होते, दीपकच्या पाळीचे मुकादम. कोसाडला ललितच्या घराच्या खालच्याच मजल्यावर राहणारे. ललितच्या वडिलांना त्यांनी खांदा दिला होता.

माचीखाली उंच, हडकुळा माणूस लोखंडी सळई घेऊन उभा होता. दीपकचा मोठा भाऊ, कुंदन. तो लूमवर काम करायचा. सकाळपासून त्याने पाण्याचा घोट घेतला नसावा, ओठ पांढरे पडले होते.

"परत सांग," कुंदन म्हणाला. "सगळासना समोर सांग."

"दिवा हिरवा व्हता, कुंदन," निंबाआप्पांचा आवाज कसाबसा निघाला. "हिरवा दखीसन मी सांगं, खोल म्हणीसन."

"मना भाऊ मरी गया. आनि हाऊ सांगस, दिवा हिरवा व्हता."

सळई निंबाआप्पांच्या मांडीवर बसली. ते ओरडले नाहीत, फक्त त्यांचं अंग कठड्यावर आपटलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, डोक्यात घाल. दुसरा कोणी म्हणाला, मरेल रे तो. त्याला बाजूच्यांनी ढकलून मागे सारलं.

ललितचे पाय आपोआप पुढे गेले. पुढे जाऊन काय करायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. लोकांच्या खांद्यांमधून घुसत तो माचीपर्यंत आला आणि कुंदनच्या आणि शिडीच्या मध्ये उभा राहिला.

"भो, थांब जरा. आप्पा खोटं नही बोलतस."

"तू कोन?"

"मी कोसाडनाच. आप्पास्ना वरे ऱ्हास." आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, बॅगेवर कंपनीचं नाव होतं. "पॅनलनं काम करस मी."

कुंदनने बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे तुन्हा दिवा."

ललितने तोंड उघडलं आणि त्याच वेळी मागून कोणीतरी त्याच्या कानशिलात हाणली. तो गुडघ्यावर आला. पाठीत लाथ बसली, बॅगेवर बसली म्हणून फार लागली नाही. समोरून सळई उचललेली दिसली तसा त्याने डावा हात डोक्यावर धरला. फटका बोटांवर आला. आवाज अगदी बारीक झाला, सुक्या काडीसारखा, आणि मग खांद्यापर्यंत सगळा हात पेटला. तो फरशीवर आडवा झाला. रंगाचं निळं पाणी त्याच्या तोंडात गेलं.

पाठीवर पडल्यापडल्या त्याला कुंदन दिसला. कुंदन आता त्याच्याकडे पाहत नव्हता. सळई दोन्ही हातांनी खांद्यामागे नेऊन तो निंबाआप्पांच्या गुडघ्यावर नेम धरत होता. निंबाआप्पांनी पाय वर ओढून घेतला. सळई हुकली आणि माचीखालच्या पाइपावर आदळली, पाइपाला बांधलेल्या वायरींसकट. एक काळी वायर मधोमध तुटून लोंबकळायला लागली.

भिंतीकडच्या चार नंबरच्या पॅनलवर लाल दिवा होता. तो विझला आणि त्याच्या जागी हिरवा लागला.

झाकणाच्या कडेला हवेचा फुस्स आवाज झाला आणि बोटाएवढ्या जाडीची पोलादी खिट्टी तिच्या खोबणीतून मागे सरकली.

सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. सकाळच्या पळापळीत ती बंद करायला कोणी थांबलं नव्हतं, आणि तिच्या पोटावर बसवलेल्या गोल मीटरचा काटा तीनच्या रेघेवर तसाच उभा होता. तो काटा यंत्राचा होता, त्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नव्हता, आणि आत दाब भरलेला आहे हे तो सगळ्यांना दाखवत होता. पॅनलवरचा दिवा मात्र सांगत होता की दाब नाही, उघडा. पॅनलच्या बटनांजवळ कोणीही नव्हतं.

कुंदनने काट्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, आणि मग वर बांधलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या हातातली सळई हळूहळू खाली आली.

मग झाकण सुसायला लागलं.

चार नंबरच्या चाकाचे आटे झिजलेले होते हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळी भिस्त खिट्टीवर होती, आणि खिट्टी गेली होती. झाकणाच्या रबरातून वाफेची पातळ पात निघाली, निंबाआप्पांच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली आणि छपराच्या पत्र्याला जाऊन भिडली. चाक आपलं आपण थोडंसं फिरलं. लोक मागे पळाले, दारात एकमेकांच्या अंगावर पडले. एका म्हाताऱ्या कामगाराने तेवढ्यात बॉयलरकडून येणारा वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तोही पळाला. आतला दाब त्याने उतरणार नव्हता. वाफ सोडायचा नळ माचीवर होता, झाकणाच्या पलीकडे, त्या पातीतून जाऊनच हात पोचेल असा.

ललित उठला आणि काचेच्या केबिनकडे धावला. सगळ्या जेटांच्या तारा तिथे येत होत्या. केबिनच्या काचा फुटलेल्या होत्या, टेबल उलटलं होतं, पण भिंतीतली जोडणी शाबूत होती. त्याने उजव्या हाताने आणि दातांनी बॅगेची चेन उघडली, लॅपटॉप फरशीवर ठेवला, केबल खुपसली आणि फोन स्पीकरवर टाकून जयश्रीला लावला.

"जयश्री, सेन्सरची वायर तुटली की आपलं पॅनल हिरवं होतंय. का?"

तिने एक श्वास घेतला. ती यवतमाळची, एरवी फार बोलणारी, पण आता एकही शब्द वाया घालवला नाही. "आकडा वाचणारा प्रोग्राम. सेन्सरनं उत्तर दिलं नाही तर तो उणे एक आणतो आणि ते कॅरेक्टरच्या, एका अक्षराएवढ्या खान्यात ठेवतो. जुन्या कार्डांवर त्या खान्यात उणे आकडा राहायचा. नव्या कार्डांवर राहत नाही. उणे एकचा दोनशे पंचावन्न होतो. मग शून्याहून कमी आहे का, ही तपासणी कधी खरी ठरतच नाही. आणि दोनशे पंचावन्न मापाबाहेरचा म्हणून पुढचा प्रोग्राम तो फेकतो आणि शून्य धरतो."

"म्हणजे वायर तुटली, तर दाब शून्य."

"हो. कंपायलर वॉर्निंग देत होता. मी दुरुस्त करून हसमुखभाईंना दाखवलं होतं. ते म्हणाले, कार्डं गेलीत मिलमध्ये, आता चूक सांगितली तर सगळी परत येतील. तुला सांगू नको म्हणाले. आणि मी बोलले नाही."

बाहेर चाक पुन्हा किंचित फिरलं होतं. "खिट्टी आत घालायची आहे, आत्ता. चालू प्रोग्राम बंद केला तर?"

"बंद करू नको. पॅनल सगळंच बसेल आणि खिट्टी ढकलणारी हवा जाईल. नवा बिल्ड कर आणि चालत्यावर चढव. उत्तर नाही आलं की कुलूप, एवढंच त्याला कळलं पाहिजे. माझा पॅच पाठवते."

दुरुस्तीच्या ओळींचा पॅच आला. लावायला घेतला तर लागेना, कारण मधल्या काळात ललितनेच त्या फाइलमध्ये दुसऱ्या दुरुस्त्या केल्या होत्या आणि ओळी हलल्या होत्या. त्याने फाइल उघडली. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, मधली दोन बोटं भलतीकडे वळलेली. एका हाताने त्याने ती ओळ शोधली, खान्याची जात बदलली, खाली तपासणीच्या ओळीत एक शब्द घातला आणि बिल्ड सोडला.

एरर. अर्धविराम राहिला होता. त्याने घातला.

एरर. फंक्शनची ओळख नाही. जुन्या काळी कंपायलर अशा गोष्टी कुरकुरत चालवून घ्यायचा, लॅपटॉपवरचा नवा कंपायलर मुळीच ऐकून घेत नव्हता. "हेडर कुठलं?" त्याने विचारलं. जयश्रीने ती ओळख ज्या फाइलीत होती तिचं नाव सांगितलं. त्याने ते वर लिहिलं. लिहिताना घाम डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात नव्हता.

बाहेर कोणीतरी किंचाळलं. ललितने फुटक्या काचेतून पाहिलं. वाफेची पात आता रुंद झाली होती आणि निंबाआप्पा शक्य तेवढी मान वळवून तिच्यापासून लांब राहायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या शर्टाची बाही भिजून अंगाला चिकटली होती आणि ते काहीतरी एकसारखं पुटपुटत होते. दारातली माणसं पाहत होती. कोणी पुढे येत नव्हतं.

कुंदन हलला. त्याने सळई टाकली, रंगाच्या हौदाशेजारी पडलेलं ओलं कापड ओढून डोक्यावरून खांद्यावरून गुंडाळलं आणि जमिनीवरचा फुटक्या काचेचा लांब तुकडा उचलला. ओल्या पट्ट्यांच्या गाठी सुटणार नव्हत्या, त्या त्यानेच मारल्या होत्या. तो शिडी चढायला लागला.

"ललित," फोनमधून जयश्रीचा आवाज आला. आवाज बदलला होता. "हसमुखभाई आलेत. दार ठोकताहेत. सर्व्हर बंद करा म्हणतात, फोन ठेव म्हणतात. तू सांगत राहा, काय आलं?"

"लिंक होत नाही. एकच नाव दोन फाइलींत सापडलं म्हणतो."

"हेडरमध्ये ते व्हेरिएबल उघडंच लिहिलंय. जुना कंपायलर दोन्ही एक धरायचा. त्याच्या पुढे—"

फोनमध्ये लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. कोणीतरी गुजरातीत ओरडलं. जयश्री म्हणाली, "हात लावू नका मला." मग थप्पड. ललितने ती स्पष्ट ऐकली, आणि तिच्या पाठोपाठ फोन फरशीवर पडल्याचा आवाज. लाइन गेली.

तिचं वाक्य अर्धं राहिलं, पण तेवढं पुरे होतं. तो गेली दोन वर्षं हेच करत होता. हेडर उघडून त्याने त्या नावापुढे बाहेरचं असल्याची खूण लिहिली, दुसऱ्या फाइलीत ते खरोखर एकदाच आहे याची खात्री केली आणि पुन्हा बिल्ड सोडला. पडद्यावर फाइलींची नावं सरकू लागली. एक, मग दुसरी. तो त्या नावांकडे पाहत नव्हता, माचीकडे पाहत होता.

कुंदन वर पोचला होता. वाफेखालून वाकून, जवळजवळ लोळत तो कठड्यापाशी गेला. डाव्या हाताने त्याने कापड दोघांच्या डोक्यावर धरलं आणि उजव्या हाताने काच पट्टीवर घासायला लागला. काच त्याच्या तळव्यात रुतली होती, पट्ट्या लाल होत होत्या. एक हात सुटला. निंबाआप्पांचा सुटलेला हात आधार शोधत कुंदनच्याच मानेभोवती गेला.

चाक फिरलं. या वेळी थोडंसं नाही, पाव फेरा. झाकणाची एक बाजू दिसण्याइतकी वर उचलली गेली आणि वाफ कुंदनच्या कापड धरलेल्या हातावर, कोपरापासून खांद्यापर्यंत, सरळ येऊन आदळली. कुंदनच्या तोंडून निघालेला आवाज ललितच्या कानात पुढे कित्येक दिवस राहिला. हात खाली आला नाही.

पडद्यावर एररविना बिल्ड संपला होता. ललितने फाइल पॅनलवर ढकलली, चालत्या प्रोग्रामवर चढवायची कमांड लिहिली. एक अक्षर चुकलं, पॅनलने ओळखत नाही म्हणून सांगितलं. त्याने तीच ओळ परत लिहिली, हळू, एकेक अक्षर बघून, आणि एंटर दाबलं.

हिरवा दिवा गेला. लाल आला. हवेचा झटका बसला, खिट्टी पुढे आली, उचललेल्या झाकणामुळे खोबणीच्या तोंडाशी अडकली, थरथरली आणि मग टाकी हादरताच खट्टकन आत बसली.

सुसण्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. माचीवर दोन माणसं एकमेकांवर पडली होती. म्हातारा कामगार धावत वर चढला आणि त्याने वाफ सोडायचा नळ उघडला. पत्र्याखालचं सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून लोकांनी दोघांना खाली आणलं.

पोलीस तेव्हाच आले. त्यांनी शेडमध्ये जो सापडेल त्याच्यावर लाठ्या चालवल्या. ज्यांनी निंबाआप्पांना उतरवलं त्यांच्याही पाठी फुटल्या आणि ललितच्या खांद्यावरही एक बसली. तो केबिनमध्ये लॅपटॉपवर ओणवा झाला होता. मारणाऱ्याला वाटलं तो चोरी करतोय. खरं तर तो बाकीच्या पॅनलांवर नवा प्रोग्राम चढवत होता. ते संपेपर्यंत तो उठला नाही, तेव्हा दोन शिपायांनी त्याला उचलून नेलं.

सरकारी दवाखान्यात संध्याकाळच्या सुमारास जयश्री त्याला शोधत आली. तिच्या गालावर चार बोटं उठली होती. ललितचा हात प्लास्टरमध्ये होता. दोघं बाकावर बसले.

"मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," ललित म्हणाला. "आता पोलिसांना सांगू. दोघं मिळून."

दोन नंबरचं कार्ड ललितच्या खिशातच होतं, शिपायांनी उचलून नेताना वाटेतल्या फुटक्या पॅनलमधून त्याने ते उपसून घेतलं होतं. हसमुखभाईंनी सांगितलं होतं तसंच. फक्त ते त्याने हसमुखभाईंना दिलं नाही, फौजदाराच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार निंबाआप्पांचा जबाब घ्यायला आला. त्यांच्या कानाचा पडदा गेला होता आणि मांडीचं हाड मोडलं होतं. पलीकडच्या खाटेवर कुंदन होता, पोलिसाच्या पहाऱ्यात, डावा हात बोटांपासून खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. निंबाआप्पांची बायको प्रमिलाबाई मधे पाठमोरी बसली होती, नवऱ्याला ती खाट दिसू नये अशी.

"तुम्हाला कोणी मारलं?" हवालदाराने ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं.

निंबाआप्पांनी प्रमिलाबाईंना हाताने जरा बाजूला केलं. "मारं यानीच," ते म्हणाले. "आनि सोडावं बी यानीच. दोन्ही लिखा."

"असं नसतं, काका. एक काय ते सांगा."

"दोन्ही लिखा," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. हवालदाराने कुरकुरत दोन्ही लिहिलं.

कुंदनने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याने हे ऐकलं की नाही, कोणाला कळलं नाही.

खटला उभा राहिला आणि अजून चालूच आहे. मिलवाले म्हणतात दोष पॅनलचा. हसमुखभाईंचा वकील म्हणतो की चाकाचे आटे झिजू दिले ते मिलने. दोघंही खरं बोलतात आणि म्हणूनच तारखा पडत राहतात. पॅनलांची कंपनी बंद झाली. ललित आणि जयश्रीने त्यानंतर लगेच दुसरं काम न शोधता, नव्या कार्डांची पॅनलं जिथे जिथे बसली होती त्या मिली एकेक करून गाठल्या. काही ठिकाणी वॉचमनने हाकललं, सुरतेजवळच्या सचिन गावात एका मॅनेजरने ललितची कॉलर धरून त्याला पायऱ्यांवरून ढकललं. ते दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी परत गेले आणि जेटवर चढणाऱ्या माणसांनाच गेटवर सगळं सांगितलं. त्या पाळीने जेटला हात लावायचं नाकारलं, तेव्हा मॅनेजरने स्वतः फोन करून दोघांना आत बोलावलं.

कुंदन जामिनावर सुटला तेव्हा उन्हाळा होता. एका दुपारी तो कोसाडला आला, निंबाआप्पांच्या दारात उभा राहिला. डावा हात कोपरात वाकत नव्हता. प्रमिलाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"झोपेल शेतस," त्या म्हणाल्या.

"बरं," कुंदन म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

त्यांनी दार लावून घेतलं. ऊन उतरेपर्यंत तो तिथेच बसून होता. वर-खाली जाणारी माणसं त्याला ओळखून अंग चोरत जात. शेवटी आतून काठीचा आवाज आला. दार उघडलं आणि निंबाआप्पा भिंतीला धरून बाहेर आले. दुखरा पाय लांब करत ते त्याच पायरीवर, त्याच्या उजव्या बाजूला टेकले, कारण त्यांना आता एकाच, डाव्या कानाने ऐकू यायचं. प्रमिलाबाई दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने एकच कप चहा आणून नवऱ्याच्या हातात देऊन परत गेल्या. निंबाआप्पांनी निम्मा बशीत ओतला आणि बशी कुंदनपुढे सरकवली.

ललित नव्या नोकरीवरून घरी येत होता. जिन्यात दोघं बसलेले पाहून तो दोन पायऱ्या खाली थांबला. वर जायचं तर त्यांच्या मधूनच जावं लागणार होतं. निंबाआप्पांनी काठी उचलून घेतली, कुंदनने पाय आत ओढले आणि ललित मधून वर गेला.